मेनूतला नवरदेव

जळकोटच्या आपल्या फोटो स्टुडिओत बसवेश मल्लम्माकाकूंच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी बनवत होता. काकूंचे यजमान बंडप्पाकाका यंदाच गेले होते.

डीव्हीडी लावल्यावर आधी दिसणाऱ्या मेनूच्या बटणांमागं त्यानं वीस सेकंदांची क्लिप लावली होती. ती संपली की पुन्हा सुरू व्हायची: बाया ‘नाव घे’ म्हणून मागं लागलेल्या, नवरी लाजून गप्प, अन् नवरदेव तिच्याकडं कान देऊन बसलेला. मेनूला आवाज अजून जोडायचाच होता.

दुपारी काकू बघायला आल्या. “त्या दिशी म्या नाव घेतलंच न्हाय,” त्या म्हणाल्या. “पुढं जन्मभर नुसतं अहो.”

क्लिप पुन्हा फिरली. या खेपेला नवरदेवाची मान जरा जास्त कलली होती. पुढच्या खेपेला आणखी. आणि आता ती नवरीकडं नव्हती, काकू बसल्या होत्या त्या बाजूला होती.

बसवेश माऊसकडं वळला. काकूंनी त्याचा हात धरला. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या पडद्याजवळ वाकल्या अन् हळूच म्हणाल्या, “बंडप्पा.”

क्लिप थांबली. पडद्यावरचा नवरदेव पंचविशीचा होता. स्पीकरमधून ओ आली ती मात्र थकल्या, घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात.