नववी टोपली

"मामाजी, डाव्यानं नाई. उजव्यानं फेका."

केवलराम टेंभऱ्यांनी प्लास्टिकची चकती डाव्या हातातून उजव्या हातात कशीबशी अडकवली. हात हलला न हलला, चकती दोन पावलांवर गवतात पडली.

"पाह्य. झालं समाधान?" त्यांनी सुनेला विचारलं.

"काल दीड पाऊल गेली होती," रविता म्हणाली. "आज दोन. बरं होऊन राहिलं ना."

मुर्री गावाच्या कडेच्या त्या बागेत कोण्या साहेबाच्या डोक्यातून नऊ लोखंडी खांब उगवले होते. प्रत्येकावर टोपली, टोपलीवर साखळ्या. दगडावर उभं राहून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. गावानं काही हा खेळ मनावर घेतला नाही. टोपल्यांत ओले गमछे वाळले, खांबांना बकऱ्या बांधल्या गेल्या, आणि चौकीदार मुन्नालालच्या खोलीत चकत्या धूळ खात पडल्या.

मग ही दोघं यायला लागली आणि गावाला विषय मिळाला. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू न देणारं घर, अन् सून सासऱ्यासंगं चकत्या फेकते! बायकांनी तोंडाला पदर लावले. लावू देत बापड्या. रविताला त्याचं सोयरसुतक नव्हतं. धानाची कापणी तोंडावर आली होती, आणि त्याआधी मामाजींचा उजवा हात चालला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

यंदाचं सालच वाईट निघालं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत रविताचं सातव्या महिन्यातलं बाळ पोटातच गेलं. गोंदियाच्या दवाखान्यातून आली ती मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली. नवरा भुवनेश्वर आणि सासू सुखवंताबाई समजावून समजावून थकले. आणि पोळ्याच्या सकाळी मामाजींचा हात एकाएकी लुळा पडला. बैलांना घास भरवायचा तो हात उचलेचना. ते कोणाला संगं न घेता बसनं गोंदियाला गेले आणि संध्याकाळी डॉक्टरणीचा कागद घेऊन आले.

कागदाची खालची बाजू त्यांनी रवितापुढं धरली होती. 'रोज सकाळी एक तास उन्हात चालणे. आवडीचा खेळ. हसणे-बोलणे. एकटे ठेवू नये.'

"एकटं ठेवू नये म्हणते," मामाजी म्हणाले होते. "तुही सासू गुडघ्यानं बेजार, भुवनेश्वर दिवसभर धानाच्या बांधीत. कोण येते माह्यासंगं? राहू दे. हात पडला त पडला."

राहू दे म्हटल्यावर मात्र रविता उठून बसली. पहिल्या दिवशी बागेच्या फाटकातूनच रडत परतली. दुसऱ्या दिवशी पहिल्या टोपलीपर्यंत पोचली. औषधाची एक गोळीही कशी लिहिली नाही, असं तिनं एकदा विचारलं होतं.

"डॉक्टरीण हुशार हाये," एवढंच बोलून मामाजींनी कागद बंडीच्या खिशात घातला होता.

आज सहाव्या टोपलीपाशी मुन्नालाल झाडू टेकवून उभा राहिला. "चाचा, कल शाम को तो आपने..."

"मुन्ना, वो देख, बकरी फूल खा रही है!"

मुन्नालाल झाडू घेऊन धावला. रवितानं मान वळवून पाहिलं, पण बकरी काही तिला दिसली नाही.

आठव्या टोपलीला फेकताना तिचा पदर हातात अडकला.

"खोच तो कमरेले," मामाजी म्हणाले. "इथं कोण पाह्यते तुले? चिमण्या?"

तिनं पदर खोचला. आता राहिली नववी. ती मेली मोहाच्या झाडामागं दडून बसलेली. पाच फेकींच्या आत रविताला कधी जमली नव्हती.

"मामाजी, एका फेकीत घातली तर?"

"त हा हात डोक्याच्या वर नेऊन दाखवतो."

"वचन?"

"वचन. तू घाल त खरी."

रवितानं श्वास रोखला, कंबर वळवली आणि चकती सोडली. चकती मोहाला वळसा घालून दिसेनाशी झाली. मग साखळ्या खळ्ळकन वाजल्या.

"गेली! मामाजी, गेली!"

ती ओरडली, तिनं उडी मारली, आणि ती हसत सुटली. हसता हसता गवतात बसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू आवरेना. आपण हसलो की आवाज असा येतो, हे ती विसरूनच गेली होती. मामाजी तिच्याकडं बघत राहिले. त्यांनी गमछ्यानं डोळे पुसले, आणि त्यांचे दोन्ही हात सरळ आभाळाकडं गेले.

"हात! मामाजी, तुमचा हात वर गेला!"

"गेला वं, बाप्पा," ते म्हणाले. "तहान लागली मले. येतो पाणी पिऊन."

बंडी काढून बाकावर टाकून ते हापशीकडं गेले. खडाक, खडाक. उजव्याच हातानं हापसत होते, गड्यासारखे! रविताचा ऊर भरून आला. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपल्या हातून कोणाचं तरी भलं झालं.

आजची तारीख लिहून ठेवायला हवी. डॉक्टरणीला दाखवायला हवी. तिनं बंडीच्या खिशातून पेन काढला, तो कागद काढला, आणि कोरी जागा शोधायला त्याची वरची घडी उलगडली.

'रुग्णाचे नाव: रविता भुवनेश्वर टेंभरे. वय २६.'