हंसाच्या पाठीवरचं पाणी

हंस शहारला की यानाल्चेच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. मुलगा आणि सून कझान शहरात राहायला जायचा बेत सोडून घरी राहणार होते. गवतकापणीला दोन माणसं हाताशी राहणार होती. आणि शेजारीण उनावी, जिची तिन्ही पोरं केव्हाच शहरात पांगली होती, ती निदान वर्षभर तोंड मिटून बसणार होती. एका लठ्ठ हंसाच्या बदल्यात एवढं, म्हणजे सौदा वाईट नव्हता.

पण हंस शहारत नव्हता.

सुरेमचा सण. अख्खा गाव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत देवराईत लोटला होता. राईतल्या सगळ्यांत जुन्या लिंडनच्या खोडात एक कुऱ्हाड रुतलेली आहे. ती चालवणाऱ्याचा हात तिथंच आखडला आणि झाडानं पातं गिळून टाकलं, असं म्हणतात. तेव्हापासून इथं कुणी काटकी मोडत नाही की आवाज चढवत नाही. त्यामुळे माणसं आज कोपरांनी बोलत होती. ढोसण्यांवर ढोसण्या चालल्या होत्या. पहिला हंस यानाल्चेचा, तो पार पडल्याशिवाय बाकीच्या अकरांची पाळी नाही, आणि चुलाणांवर पाणी तर उकळायला लागलेलं.

म्हातारा पुजारी तोइमेत पाचव्यांदा पुटपुटला, "थोरल्या शुभ्र देवा, यानाल्चेचं घर भरलेलं राहू दे, मुलगा-सून तिच्याजवळ राहू देत," आणि त्यानं हंसाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत पाणी ओतलं. अंग झटकलं की देवानं घेतला. सात वेळा ओतायचं. तरी नाही झटकलं, तर हंस घरी न्यायचा आणि मागणंही.

मुलाच्या, एचानच्या, कुशीत हंसानं डोळे मिटले. न्हाऊ घातल्यासारखा सुखावला होता.

"झोपला की काय गं?" उनावी यानाल्चेच्या कानाशी लागली. "माझा गेल्या वर्षी पहिल्याच ओंजळीला थरथरला होता."

"तुझा म्हातारा होता. त्याला हिवताप असेल."

यानाल्चेनं उत्तर दिलं खरं, पण तिच्या हाताला घाम फुटला होता. तो धुवायला तिनं हात बादलीत बुडवला आणि तशीच थबकली.

पाणी कोमट होतं.

उताराखालच्या झऱ्याचं पाणी ऐन उन्हाळ्यातही दात वाजवतं. त्या पाण्यानं दगडसुद्धा शहारला असता. गावात हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. देवालाही ठाऊक असावं, तोही बोलत नसे. आणि हे पाणी तर अंगणातल्या, उन्हात तापलेल्या पिंपातलं होतं.

पाणी आणणारी सून ऐविका शेजारीच उभी होती, नजर लिंडनच्या शेंड्यावर.

"झरा आटला का गं?" यानाल्चेनं हळूच विचारलं.

"नाही, आई. वाट निसरडी होती."

"आठ दिवसांत थेंब पडला नाहीये."

ऐविकानं नजर खाली आणली. "तुम्ही देवाजवळ काय मागणार ते मला एकदा तरी विचारलंत?"

"देवाकडे मागायला सुनेची परवानगी लागते?"

"सुनेविषयी मागायचं असेल तर लागते."

"एचानला हे माहीत आहे?" यानाल्चेनं विचारलं.

"बादली त्यानंच भरून दिली."

तिनं मुलाकडे पाहिलं. सहा फुटी पोरगा हंसाच्या पिसांत नाक खुपसून उभा होता, लहानपणी दूध सांडल्यावर उभा राहायचा तसा. जायचंय हे आईला तोंडानं सांगायची त्याची हिंमत नव्हती. त्यापेक्षा देवाला कोमट पाणी पाजणं त्याला सोपं वाटलं होतं.

"यानाल्चे," तोइमेत म्हणाला, "दोनच वेळा राहिल्यात. लोकांना भुका लागल्यात."

"बाबा, मागणं बदललं तर चालतं का?"

"चालायला काय झालं? देव म्हणजे काही सरकारी कचेरी नाही."

"मग म्हणा, जातील तिथं सुखात राहू देत." तिनं सुनेकडे तिरकं पाहिलं. "आणि दर सुरेमला घरी येऊ देत. दोघंही. तीन दिवस आधी, गवत कापायला."

"दोन दिवस," ऐविका पुटपुटली.

"तीन."

"बरं, तीन. पाणी गढूळ झालंय बाबा, ताजं आणते." आणि तिनं बादली उपडी केली. राईत धावू नये म्हणतात, म्हणून कडेपर्यंत ती भराभर चालली. मग तिचा पांढरा झगा उतारावरून असा सुटला की पोरंसोरं माना उंचावून बघत राहिली.

सहाव्यांदा पाणी ओतलं गेलं. हंसानं डोळे वटारले, मान ताणली आणि शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की तोइमेतची दाढी निथळायला लागली. गर्दीतून एकच हुंकार उठला, दबलेला, लांब, राईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मेणबत्त्या पेटल्या. कुणी यानाल्चेचे खांदे दाबले. एचान पाठमोरा होऊन डोळे पुसत होता आणि हसतही होता. अकरा घरांनी आपापले हंस उचलले, आणि झऱ्याच्या वाटेवर रिकाम्या बादल्यांची रांग लागली.

दुपारी रस्सा वाढला गेला तेव्हा उनावीनं हिशेब मांडला. "देवाला मान मिळाला, बाबांना दक्षिणेचं नवं पागोटं, पोरांना कझान, आम्हाला जेवण. भुर्दंड पडला तो बिचाऱ्या हंसाला."

पंगत तोंड दाबून हसली. यानाल्चे हसली नाही. तिनं आपल्या वाडग्यातला मांसाचा मोठा तुकडा उचलून सुनेच्या वाडग्यात टाकला.

"खा," ती म्हणाली. "तिकडे शहरात तुकडासुद्धा वजन करून देतील."