समाचाराला

दार उघडल्या उघडल्या बाईंनी तिचा हात धरला.

"आई कधी गेल्या?"

तिने त्यांना निरखून बघितलं. साठी उलटलेल्या बाई, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारा थर्मास. चेहरा ओळखीचा नव्हता.

"मी पलीकडची. आमचं दार मागच्या जिन्यावर उघडतं, म्हणून गाठ कधी पडली नाही. पण तुमच्या हॉलची भिंत तीच आमच्या स्वयंपाकघराची. सगळं ऐकू येतं हो. मुद्दाम नाही ऐकत," त्या घाईघाईने म्हणाल्या. "किती शांतपणे समजवायचात त्यांना! 'घाबरू नकोस, परत पहिल्यापासून बघू.' आणि त्या बिचाऱ्या एक शब्द बोलायच्या नाहीत. अंथरुणालाच होत्या ना?"

"कोण?"

"आई. 'तू' म्हणायचात, म्हणजे आईच. नवऱ्याशी कोणी इतकं गोड बोलत नाही." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. "आणि आता बरेच दिवस आवाज नाही. म्हटलं, आटोपलं की काय सगळं. भिंतीला भिंत, आणि आम्हाला पत्ता नाही."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

ती प्रोग्राम लिहायची, घरात बसूनच. तिच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. प्रोग्राम अडला की तो ओळ न् ओळ मोठ्याने कोणाला तरी समजावून सांगायचा. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळावं लागत नाही, त्याने समोर असलं की पुरतं. म्हणून पुष्कळ जण टेबलावर रबरी बदक ठेवतात. तिचंही होतं, पिवळं, एका डोळ्याचा रंग उडालेलं. सुट्टीच्या दिवशी ती जुने रेडिओ दुरुस्त करायची, तेव्हाही समोर बदकच असायचं. "आता ही तार इथे आली, बघितलंस? मग आवाज का येत नाही?" आवाज आला की ती रेडिओ बंद करून कपाटात ठेवून द्यायची.

मग कंपनीने सगळ्यांना नवा मदतनीस दिला. तोही प्रोग्रामच. त्याला प्रश्न टाइप करून विचारायचा. तो आधी प्रश्नाचं कौतुक करायचा, मग उत्तर द्यायचा. उत्तर बहुधा बरोबर असायचं. तिला तो आवडत नसे. कोणी आपलं शब्दकोडं सोडवून आणून द्यावं, तसं तिला वाटायचं. पण काम लवकर उरकायचं आणि वरचे साहेब खूश होते. बदक खणात गेलं. घरात बोटांचा आवाज तेवढा उरला. परवा मीटिंगमध्ये तिला दोन वाक्यं बोलायची होती, तर पहिलं घशातून बाहेरच पडेना.

"तुमचा माइक बंद आहे," कोणीतरी म्हणालं.

माइक चालू होता.

"आत येऊ ना?" बाई विचारत होत्या. "चहा आणलाय. अशा वेळी स्वतःपुरता कोणी करून घेत नाही."

तिची आई खरोखर गेली, त्याला काही वर्षं झाली होती. तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. दारात कोणी आलं नव्हतं. आता नुसती मान हलवली, तरी या आत येऊन बसणार होत्या. पाठीवरून हात फिरवणार होत्या. कदाचित उद्याही आल्या असत्या. खरं सांगितलं, तर थर्मास आल्या पावली परत. शिवाय पुढच्या जिन्यावरची बाई खेळण्याशी बोलते, हे मागच्या जिन्यावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार.

हात अजून त्यांच्या हातात होता. त्यांचा हात ऊबदार होता. खोटं बोलायला एवढं पुरेसं होतं.

तिने घसा खाकरला.

"काकू, घरात कोणी नव्हतंच. मी एकटीच असते. कामात अडले की मोठ्याने बोलते. समोर खेळण्यातलं बदक असतं."

"बदक?"

"रबरी."

काकू हसतील, असं तिला वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिचा हात सोडला आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. आत एक टेबल होतं, एक खुर्ची होती आणि खुर्चीमागे ती भिंत.

"आमच्याकडे चार माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "चौघांच्याही कानात ती बिनवायरची बोंडं. जेवायला चला म्हणायचं, तरी खांदा हलवावा लागतो." मग त्या ओशाळल्या. "हसशील मला. अगं, मला वाटायचं, आईंना बोलता येत नाही, पोरगी एकटीच बोलतेय, कोणीतरी हुंकार द्यायला नको? म्हणून भाजी चिरता चिरता मी आपली इकडून 'हं... बरं... मग पुढे?' करत बसायचे. रोज. आता तू म्हणतेस, तिथे कोणी नव्हतंच. मग इतके दिवस मी हुंकार देत होते तरी कोणाला?"

"मला," ती म्हणाली.