डब्यातला टॅब

“मावशी, आधी वायफाय बंद कर, मग वायर लाव.”

“अरे बाबा, इथे वायफाय नाहीच मुळी! नसलेलं बंद काय करू, कपाळ?”

रिसीव्हर मान आणि खांद्यामध्ये दाबून आई टेबलापाशी उभी होती. समोर टॅब, हातात भाच्याने पार्सलने पाठवलेली बोटभर जोडणी. तिचं एक टोक टॅबमध्ये घालायचं आणि दुसऱ्यात भिंतीतून आलेली इंटरनेटची वायर. एरवी ती वायर लेकीच्या लॅपटॉपला असायची. आज लॅपटॉप लेकीबरोबर संशोधन केंद्राच्या सभागृहात गेला होता.

“उलटी धरली असशील.”

“उलटी झाली, सुलटी झाली, जातच नाहीये ती. तुझ्यासारखीच अडेलतट्टू आहे मेली.”

थोड्याच वेळात लेक साऱ्या जगासमोर उभी राहणार होती, आणि जन्मदात्या आईला ते दिसणार नव्हतं. सभागृहात फक्त पत्रकार आणि साहेबलोक. “रागावू नकोस, आई. संध्याकाळी रेकॉर्डिंग दाखवते,” असं लेक सकाळी म्हणाली होती. रेकॉर्डिंग म्हणे! वरातीमागून घोडं.

लेक ताऱ्यांचं ऐकायची. केंद्राच्या वसाहतीपलीकडच्या माळावर रेडिओ दुर्बिणींच्या घराएवढ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि लेकीची सगळी उमेदीची वर्षं त्यांच्यापाशी कान लावून बसण्यात गेली होती. नातेवाइकांना आयताच विषय मिळाला होता. “काय म्हणतात तारे? लग्नाचं बघा म्हणतात की नाही?” आई चारचौघांत हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. त्यात यंदा संचालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, वर्षअखेरपर्यंत काही सापडलं नाही तर गाशा गुंडाळा.

आणि मग सापडलं. आई राहायला आली काय आणि सापडलं काय! “तुझाच पायगुण गं आई!” म्हणत लेकीने तिला गरागरा फिरवलं होतं. आईला चक्कर आली होती, पण ती बोलली नाही.

टॅबचं मात्र लेकीला ठाऊक नव्हतं. आल्या दिवशीच फाटकावरच्या पहारेकऱ्याने आईचा मोबाइल काढून घेतला होता. “बिनतारी काही आत न्यायचं नाही, काकू. नियम आहे.” टॅब बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुईदोऱ्याखाली होता, तो सुटला.

लेकीनेही बजावलं होतं. “आमच्या तबकड्या फार हलक्या कानाच्या आहेत गं. कुणी काही कुजबुजलं तरी खरं मानतात.”

आई कशाला कुजबुजतेय? दुपारी लेक कामावर असली की ती डबा उघडायची. टॅब घेऊन खिडकीत उभी राहायची, गॅलरीत उभी राहायची, गच्चीवर जाऊन हात उंच करायची. एखाद्या कोपऱ्यात रेंज मिळेल, धाकट्या बहिणीचं तोंड दिसेल. कुठली रेंज आणि कुठलं काय! हात दुखले की टॅब पुन्हा डब्यात आणि झाकण गच्च.

शेवटी भाच्याने ही युक्ती काढली. वायर लावली की बिनतारीचा प्रश्नच मिटला. नियम मोडायचा नाही आणि लेकही बघायला मिळेल. आईला हे फारच पटलं होतं.

खट्.

“गेली! गेली रे आत!”

“शाबास! आता केंद्राचं पान उघड. ‘थेट प्रक्षेपण’ दिसतंय ना, तिथे बोट लाव.”

आईने बोट लावलं. पडद्यावरचं चक्र फिरलं, अडलं, पुन्हा फिरलं. आणि लेक दिसली. चुरगळलेला सदरा, विस्कटलेले केस, हातात माइक.

आईने अशी आरोळी ठोकली की तिकडे भाच्याच्या कानाचे पडदेच हलले असतील. वायफाय नाही, मोबाइल नाही, आणि तरी तिने लेकीला घरात टेबलावर आणून उभं केलं होतं. तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की ती खुर्चीत बसायची विसरली.

लेकीच्या पाठीमागे मोठ्या पडद्यावर एक हिरवी रेघ नाचत होती.

“हा संकेत रोज दुपारी येतो,” लेक सांगत होती, “तारा आपल्या माथ्यावर असतो तेव्हा. थोडा वेळ बोलतो आणि एकदम गप्प होतो. आणि आत्ता, तुमच्यासमोर, तो बोलतोय. इतका स्पष्ट आजवर कधीच नव्हता!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालक उठून उभे राहिले. आईच्या डोळ्यांना धार लागली.

“ऐका म्हणावं आता, तारे काय म्हणतात ते!” ती टॅबलाच म्हणाली.

“मावशी, नीट दिसतंय ना?”

“दिसतंय रे. माझं सोनं दिसतंय.”

“वर कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह लुकलुकतंय का?”

“हो. ते तर रोजच लुकलुकतं.”

“अगं, म्हणजे वायफाय चालूच आहे! आसपास नेटवर्क नसलं तरी टॅब हाका मारत बसतो. बंद कर, उगाच बॅटरी खाईल.”

आईने चिन्हावर बोट ठेवलं. ते विझलं.

टॅबमधल्या सभागृहात हिरवी रेघ आडवी झाली. टाळ्या थांबल्या. लेकीने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. संचालक हळूच खाली बसले.

“मावशी? केलंस ना बंद?”

आईने आडव्या रेघेकडे पाहिलं, मग विझलेल्या चिन्हाकडे. मग बराच वेळ लेकीच्या चेहऱ्याकडे.

“खाऊ दे रे बॅटरी,” ती म्हणाली आणि तिने पुन्हा बोट ठेवलं.

तारा बोलायला लागला.