मधली जागा

देवगाव फाट्यावरच्या पार्सल गोदामात साखळी तिघांची असे. लिंबाजी ट्रकमधून पार्सल फेकी, मधला माणूस झेलून पुढे देई आणि मी ते गावाप्रमाणे लावीत असे. मधला नोकरी सोडून गेल्याला सात महिने झाले होते. त्याच्या जागी दुसरा नेमावा म्हणून मी चार सविस्तर अर्ज केले होते, कारण लांब फेकून फेकून लिंबाजीचा खांदा निकामी होत चालला होता.

अखेर त्र्याऐंशीच्या वैशाखात, भर दुपारी, परभणीहून साहेब आले. बराच वेळ ते आमचे काम पाहत उभे राहिले.

"साहेब, माणूस द्या," लिंबाजी काकुळतीने म्हणाला. "आमी दोघांनी किती मरावं?"

"दोघं? मला मोजता येत नाही काय?"

"तिसरा कोण, ते दाखवा," मी चिडून म्हणालो.

साहेबांनी मधल्या जागेकडे बोट केले. "हा कोण मग? मघापासून एकही पार्सल खाली पडू दिलं नाही यानं."

मी पाहिले. तेथे रिकाम्या फरशीवाचून काहीही नव्हते.

साहेबांनी अर्जावर 'नामंजूर' लिहिले, आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि पेन त्या रिकाम्या जागेपुढे धरले.

"तूही कर रे."

त्यांनी हात मागे घेतला. पेन खाली पडले नाही.