दोनशे पावलं अलीकडं

“आजी, मीटर बिघडलं का तुमचं? चार दिवस झाले, नुसत्या बसूनच आहात!”

कालिंदीनं विचारून टाकलं एकदाचं. मागं गुलमोहराखाली सरोज आणि बाकीच्या दोघी तोंडात ओढण्या कोंबून उभ्या होत्या. विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं वाहा, अशी पैज होती. मागच्या वर्षीची कालिंदी असती तर जीभ टाळ्याला चिकटली असती. पण शाळेच्या शर्यतीत पहिली आल्यापासून तिला कुणाचीच भीती वाटेनाशी झाली होती.

सिडकोतल्या त्या बागेत रोज सकाळी धावायला येणाऱ्या सगळ्यांना मनकर्णाआजी ठाऊक होत्या. नऊवारी लुगडं, पायात नातवाचे पांढरे बूट आणि बागेत आल्यावर कमरेला लावायचं, पावलं मोजणारं पेडोमीटर. साखरेपायी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा लेकानं ते आणून दिलं होतं. आजी गोल गोल चालायच्या आणि मध्येच मोठ्यानं सांगायच्या, “हर्सूल आलं गं!” आठ दिवसांनी, “चौक्याचा घाट चढले बाई!” मग फुलंब्री. पोरींची हसून हसून पोटं दुखायची. आणि सोमवारपासून आजी एकदम बाकावरच.

आजींनी सरकून जागा दिली. “बिघडलं नाय पोरी. वाच.”

काडेपेटीएवढ्या त्या यंत्रावर आकडा होता, पंचाण्णव हजार आठशे.

“शहाण्णव हजारावर माझं माहेर हाय. पिशोर. नातवानं हिशोब करून दिला. म्हनलं, चालायचंच हाय, तर घराकडं तोंड करून चालू. आता वेशीपाशी आलेय.”

“मग उठा की! दोनशेच पावलं राहिलीत. मी येते सोबत, दोन मिनिटांत पोचतो!”

“अगं येडे, लेक माहेरात अशी आपल्याआपण शिरत नसती. मुऱ्हाळी लागतो.”

कालिंदीनं हा शब्द कधी ऐकला नव्हता. “कोण लागतो?”

“माहेराहून लेकीला न्यायला येतो त्यो. पंचमीला, दिवाळीला. तुमाला काय ठावं!”

पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली आजींचं लग्न झालं, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. सासर शहागंजच्या मागं. पंचमीच्या दोन दिवस आधी थोरला भाऊ कडूबा यायचा. गाडीत कडबा, कडब्यावर आईची वाकळ, फडक्यात बाजरीच्या भाकरी. गल्लीत घुंगरं वाजली की सासू म्हणायची, “आला बाई तुझा मुऱ्हाळी,” आणि आजींच्या हातातलं भांडं अर्धं घासलेलंच राहायचं. फुलंब्रीला बैल सोडायचे, भाकरी खायची. कडूबा वाटेभर गावातल्या बातम्या सांगायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. पुढं बैल गेले, एस.टी. आली, कडूबाच्या मिश्या पांढऱ्या झाल्या. पण पंचमी त्यानं एकदाही चुकवली नाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून आजींनी पिशोर पाहिलं नव्हतं.

“आता कोण आहे तिथं?” कालिंदीचा आवाज आपोआप खाली आला.

“भावजय हाय, चतुराबाई. तिला दिसत नाय. पोरं बिडकीनला कामाला. फोनवर रडती बिचारी, वन्सं, यंदा पंचमीला तरी या.”

“मग तुमचा मुलगा सोडेल ना! दारात गाडी आहे!”

आजींनी पेडोमीटर पदराआड केलं. “सोडाया समदे तयार हायेत गं. न्यायलाच कुणी येत नाय.”

पंचमी आठ दिवसांवर होती.

“काय म्हणाल्या गं? सांग ना!” सरोज ओरडली. कालिंदी थांबलीच नाही. बागेच्या फाटकापासून जी सुटली ती थेट घरात. बाबा पेपर वाचत होते, आई पोळ्या लाटत होती.

“आई, बाबा, ऐका,” ती धापा टाकत म्हणाली. “रविवारी पहिल्या एस.टी.नं मी पिशोरला जाणार आहे. एकटी. ठरलंय माझं.”

आईचं लाटणं थांबलं. “पिशोरला? आपलं कोण आहे तिथं?”

“कुणीच नाही. चतुराबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांना भेटणार आणि दुपारच्या गाडीनं परत येणार.”

“म्हणजे नुसतं शिवून यायचं?” बाबांनी पेपर खाली केला. “मग जायचं तरी कशाला?”

“मनकर्णाआजींना पंचमीला न्यायचंय,” कालिंदी म्हणाली. “आणि न्यायला माहेराहूनच यावं लागतं.”