कोरं कपाळ

"अगं बनू, कपाळ कोरं का गं?"

डेअरीत दूध घालायला आलेल्या बायकांनी एकदम माना वळवल्या.

"अजून काय झालं न्हाई," बनुबाई किटली पुढं सरकवत म्हणाली. "पर आमचं मालक बीपीची गोळी खाईनात. म्हणून आत्तापासनं सवय लावून घेतीया."

जोतीराम मागंच टपरीवर चहा पीत होता. फौजेतला रिटायर हवालदार, मिशीचा पीळ अजून सुटलेला नाही, आणि बायकोनं भर गावात जितेपणी मारलं! तो तरातरा घरी आला.

"लाज सोडलीस व्हय गं, भवाने?"

"गोळी खावा, कुकू लावते," तिनं ठणकावलं.

त्यानं गोळी पाण्याबरोबर नव्हे, शिवीबरोबर गिळली. तिनं मुकाट्यानं कुंकू लावलं.

मग हे रोजचंच झालं. कुंकवाच्या करंड्याशेजारी गोळ्यांचं पाकीट आलं. उठलं की तो गोळी गिळणार, मग ती कुंकू लावणार. दोघांत एक शब्द नाही, नुसती खुन्नस. तीन महिने तो तिच्यावर धुमसत राहिला, पण गोळी काही चुकली नाही.

तीन महिन्यांनी दोघं शिराळ्याच्या दवाखान्यात गेली. नर्स संयोगितानं दोघांचं बीपी मोजलं, आणि त्याला बाजूला घेतलं.

"काका, तुमचं झकास हाय. काकूंचं एकशे नव्वद! दोघांस्नी एकाच दिवशी गोळ्या लिहून दिल्या हुत्या. त्यांनी एकदाबी न्हेल्या न्हाईत."

जोतीरामानं बाहेर बाकावर बसलेल्या बनुबाईकडं पाहिलं. ही आधी गेली तर? घरी येताच त्या भीतीचा नेहमीसारखा संतापच झाला.

"तुझ्या गोळ्या कुठं हायत गं?"

"मला काय धाड भरलीया? आन् मी गेले तर तुमास्नी काय पुसायचं हाय? बापय माणसाला कुकू असतंय व्हय?"

मेली बोलली ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला जोतीराम स्वतः गेला. त्याला बघून रांग दचकली. डोकं सफाचट. मिशीही उतरवलेली, दहाव्याला उतरवतात तशी.

"आरं गड्या, कोण गेलं रं?"

"अजून कोण न्हाई," जोतीराम किटली पुढं सरकवत म्हणाला. "पर आमची बनी गोळी खाईना. म्हणून आत्तापासनं सवय लावून घेतोया."